नावं पुसणाऱ्या कंपनीस अनावृत पत्र

मा. तंत्रप्रमुख यांस,



तुमची कंपनी सर्व्हरबरोबर जी लिनक्स प्रणाली विकते, तिच्या पॅकेजिंगच्या स्क्रिप्ट्स आम्हा पॅकेज मेंटेनरांच्या हाती आल्या आहेत. तुमच्याच एका ग्राहकाने जीपीएल या मुक्त लायसन्सने दिलेला हक्क वापरून त्या तुमच्याकडून मागून घेतल्या. त्यातलं एक पॅकेज त्याच्याकडे बिल्ड होईना. तुमच्या मदतकक्षाला उत्तर देता आलं नाही, तेव्हा त्याने ती फाइल आमच्याकडे पाठवली. आमचा पत्ता त्याला तुम्ही दिला नव्हता. फाइलीच्या पोटात एका टिपणीत आमच्या बग-नोंदीचा क्रमांक राहून गेला होता, त्याचा माग काढत तो आमच्यापर्यंत पोचला.

या फाइलीच्या माथ्यावर पूर्वी ती लिहिणाऱ्या माणसांची नावं होती, प्रत्येकापुढे वर्षं होती आणि खाली एक ओळ होती, की ही स्क्रिप्ट जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या अटींवर कुणीही वापरावी. आता तिथे तुमच्या कंपनीचं नाव आहे, चालू वर्ष आहे आणि 'सर्व हक्क राखीव' असा शिक्का आहे. मग बाकीच्या फायलीही आम्ही आमच्या संग्रहाशी ताडून पाहिल्या. एकामागून एक तशाच निघाल्या. इतक्या फायलींत हाताने नावं खोडत कुणी बसत नाही. सगळ्या फोल्डरवरून एक सेड आदेश फिरवला की काम होतं. तो आदेश मात्र कुणीतरी विचार करून लिहावा लागतो: कुठली ओळ उडवायची, तिच्या जागी काय बसवायचं. त्यामुळे नजरचुकीने असं झालं, हे म्हणायची वाट तुम्ही स्वतःच बंद केली आहे.

नावं पुसलीत, पण फायली वाचल्या नाहीत. एका फाइलीत आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी केलेली खास तरतूद आहे. त्या यंत्रात संख्येचे बाइट उलट्या क्रमाने मांडले जातात, त्यामुळे सॉफ्टवेअरची एक चाचणी तिथे कायम नापास व्हायची. ती का होते हे शोधायला आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या कित्येक रात्री घालवल्या. तुमच्या कुठल्याही उत्पादनात हा प्रोसेसर नाही, पुढे येण्याची चिन्हंही नाहीत. तरी ती तरतूद तुमच्या 'स्वतःच्या' फाइलीत जशीच्या तशी आहे, सहकाऱ्याने टिपणीत केलेल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. चूक त्याची ठेवलीत आणि नाव तेवढं काढलंत.

हे सगळं आम्ही तुम्हाला आधी खाजगी पत्राने कळवलं होतं. उत्तर तुमच्या कायदा विभागाकडून आलं. त्याचा मथितार्थ असा: बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे आदेशांची यांत्रिक यादी, तिच्यात सर्जनशील काही नसतं, म्हणून तिच्यावर कॉपीराइट नाही. असलाच तर तो मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा, कारण स्क्रिप्ट त्याच्यावरच बेतलेली. शिवाय हे सगळं मुक्त आणि फुकट असतं, मग तक्रार कसली? आणि शेवटी, कंपनीने या स्क्रिप्ट्समध्ये इतके बदल केले आहेत की त्या आता कंपनीच्याच झाल्या. हे चारही दावे एकाच पानावर होते. जिच्यावर कॉपीराइटच असू शकत नाही, त्याच फाइलीवर तुम्ही 'सर्व हक्क राखीव' लिहून ठेवलंय, हे त्या पानावर सही करणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. उत्तर खाजगीत देऊन भागत नाही असं दिसल्यावर हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

पहिला दावा घेऊ. बिल्ड स्क्रिप्टमध्ये काय असतं? सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, मूळ कोड कुठून उतरवायचा तो पत्ता आणि उतरवलेली फाइल अस्सल आहे हे तपासायचा चेकसम. इथवर खरोखरच नुसती माहिती आहे आणि माहितीवर कुणाची मालकी नसते. डेबियन या लिनक्स वितरणात २००८ मध्ये डेबहेल्पर या साधनाचा 'डीएच' हा आदेश आला आणि सरळसाध्या पॅकेजची 'रूल्स' ही बिल्ड फाइल तीन ओळींची झाली. त्या तीन ओळी हजारो पॅकेजेसमध्ये अगदी सारख्या आहेत. त्यांच्यावर हक्क सांगणारा माणूस आमच्यात कुणी असता तर त्याला आम्हीच थांबवलं असतं.

पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती चालते आणि कुठली वरवर चालल्यासारखी वाटून नंतर दगा देते? एकाच सॉफ्टवेअरची किती पॅकेजेस करायची, हेडर फायली कुठे जायच्या, दस्तावेज कुठे? इंटरनेटशिवाय कुठल्या चाचण्या चालणार नाहीत? सेवा कुठल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायची म्हणजे ती फोडली गेली तरी सगळी यंत्रणा हातातून जाणार नाही? जुनी आवृत्ती काढून नवी बसवताना ग्राहकाने स्वतः बदललेली कॉन्फिग फाइल कशी वाचवायची? वीज मध्येच गेली आणि इन्स्टॉल अर्धवट राहिलं, तर तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर नुकसान होणार नाही ना? एकच कोड दोनदा बिल्ड केला तर दोन्ही वेळा बाइटला बाइट जुळणारी फाइल येईल, यासाठी तारीख आणि वेळ कुठे गोठवायची? यातल्या प्रत्येक प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं असतात. त्यातलं एक कुणीतरी निवडलेलं असतं. ती निवड चुकली, की मध्यरात्री फोन ग्राहकाचा वाजतो.

या निवडीला कायद्यात जागा आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला. न्यायालयांचे निकाल कुणाच्याही मालकीचे नसतात, ते कुणीही छापावेत. प्रकाशकाने त्यात शुद्धलेखन सुधारलं, अवतरणचिन्हं नीट केली, एवढ्याने त्याचा हक्क तयार होत नाही. पण निकालाचे परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, कुठला न्यायाधीश कुठे सहमत आहे आणि कुठे असहमत हे दाखवणं, यासाठी विषय समजावा लागतो आणि स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून तेवढ्या भागाला संरक्षण आहे, असं न्यायालयाने ठरवलं. नुसत्या कष्टाला हक्क मिळत नाही. जाणकारीने केलेल्या निवडीला, ती लहान असली तरी, मिळतो. ही मोजपट्टी आम्ही आमच्या स्क्रिप्ट्सना लावायला तयार आहोत. तीन ओळींची फाइल सोडून द्या. मेनफ्रेमची तरतूद, अपग्रेडच्या वेळी डेटा वाचवणारी स्क्रिप्ट, चार चार पॅचेसचा संच आणि तो कुठल्या क्रमाने लावायचा यामागचं कारण, हे सोडता येणार नाही.

आता दुसरा दावा. स्क्रिप्ट मूळ सॉफ्टवेअरवर 'बेतलेली' आहे, म्हणून ती मूळ लेखकाची. इथे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या विषयावर बोलूच नये.

बिल्ड स्क्रिप्ट मूळ कोड उतरवते, उलगडते, कंपाइल करायला सांगते आणि तयार फायली जागच्या जागी ठेवते. तिच्यात मूळ कोडची एकही ओळ नसते. म्हणून ती त्या कोडचं रूपांतर ठरत नाही आणि तिचं लायसन्सही वेगळं असू शकतं. जेंटू या वितरणाच्या संग्रहात मालकी हक्काच्या बंद सॉफ्टवेअरचेही ईबिल्ड, म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट्स, आहेत आणि ते ईबिल्ड जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालीच आहेत. आत बसणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याला लागत नाही आणि ईबिल्डचं सॉफ्टवेअरला लागत नाही.

पॅचची गोष्ट निराळी. पॅचमध्ये मूळ कोडच्या ओळी आजूबाजूला असतात आणि बदल त्या ओळींतच केलेला असतो. तो मूळ कृतीवर उभा आहे हे उघड आहे आणि मूळ लायसन्सच्या अटी त्याला लागू होऊ शकतात. निक्सपॅकेजेसच्या संग्रहाने हा भेद आपल्या लायसन्सच्या फाइलीत नोंदवून ठेवला आहे: एमआयटी लायसन्स संग्रहातल्या लिखाणाला आहे, त्यातून तयार होणाऱ्या पॅकेजेसना नाही, आणि आतले पॅचेस मूळ सॉफ्टवेअरचं रूपांतर ठरू शकतात. म्हणूनच डेबियनमध्ये मेंटेनर पॅकेजिंगच्या 'डेबियन' फोल्डरला शक्यतो मूळ सॉफ्टवेअरचंच लायसन्स लावतात. तसं केलं नाही आणि मूळ लायसन्स सैल, फोल्डरचं मात्र कडक असं झालं, तर आपलाच पॅच मूळ लेखकाला घेता येत नाही.

आता समजा, तुमचं म्हणणं क्षणभर मान्य केलं. स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ मूळ सॉफ्टवेअरवर बेतलेली आहे असं धरू. त्यातून निष्पन्न काय होतं? मूळ भागावर मूळ लेखकाचा हक्क राहतो आणि भर घातलेल्या भागावर भर घालणाऱ्याचा. त्या दोघांत हिशेब काय असेल तो असो. तुम्ही दोघांपैकी कुणीच नाही. मूळ सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलं नाही आणि स्क्रिप्टही तुम्ही लिहिली नाही. या युक्तिवादाने आमचं नाव पुसता येत असेल, तर त्या जागी तुमचं कसं लिहिता येतं, याचं उत्तर तुमच्या कायदा विभागाच्या पानावर कुठेही नाही.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त लागला. मुक्त आहे, फुकट आहे, मग तक्रार कसली? आमची स्क्रिप्ट घ्या, बदला, तुमच्या सर्व्हरवर घालून विका, त्यातून कोट्यवधी कमवा, आम्हाला एक रुपयाही देऊ नका. या सगळ्याची परवानगी आम्ही आधीच लिहून दिली होती. त्याबदल्यात जे मागितलं ते एवढंच: लिहिणाऱ्यांची नावं राहू द्या, तुम्ही काय बदललं ते नोंदवा आणि पुढच्याला तोच हक्क द्या. तुमच्या ताळेबंदात यातल्या एकाही गोष्टीचा खर्च दिसला नसता. एवढी स्वस्त अट तुम्ही मोडलीत आणि ती मोडायला मात्र एका माणसाला कामाला लावलंत.

असाच फुकटचा युक्तिवाद अमेरिकेत एकदा करून झाला आहे. रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या संगणकावरून चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी आणि इतर हौशी लोकांनी मिळून बनवलं होतं. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजिनांमधल्या चिपांची माहिती देणाऱ्या लहान लहान डिकोडर फायली होत्या. दिसायला अगदी तुमच्या कायदा विभागाच्या भाषेतल्या 'यांत्रिक याद्या'. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्या फायली आपल्या विक्रीच्या उत्पादनात घेतल्या. लेखकांची नावं काढली, कॉपीराइटच्या सूचना काढल्या, लायसन्सचा उल्लेख काढला, मूळ कुठून आलं आणि काय बदललं हे सांगितलं नाही. खालच्या न्यायालयाने सुरुवातीला मनाई हुकूम नाकारला. लायसन्सची अट मोडली तर फार तर कराराचा भंग होतो, असा सूर होता. १३ ऑगस्ट २००८ रोजी फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फिरवलं. पैसे मागितले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत. नाव राखण्याची अट ही परवानगीचीच अट आहे आणि ती मोडून केलेला वापर हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं, असं त्या न्यायालयाने म्हटलं. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांच्या बाजूने एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. खेळण्यातल्या गाड्यांच्या याद्या होत्या त्या. सर्व्हर चालवणाऱ्या स्क्रिप्ट्सना याहून कमी मान का मिळावा?

तुमच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे आणि तिच्यात 'संपूर्ण सोर्स कोड' म्हणजे काय हे सांगताना सॉफ्टवेअर कंपाइल करायच्या आणि बसवायच्या स्क्रिप्ट्सही त्यात धरल्या आहेत. या लायसन्सखालचं सॉफ्टवेअर तुम्ही बायनरी स्वरूपात विकलंत की या स्क्रिप्ट्स ग्राहकाला द्याव्याच लागतात. म्हणजे ज्या फायलींवर तुम्ही सर्व हक्क राखून ठेवलेत, त्या ग्राहकापासून राखायचा हक्क तुम्हाला नव्हताच. जीपीएलखालच्या पॅकेजची एखादी स्क्रिप्ट तुम्ही पहिल्या अक्षरापासून स्वतः लिहिली असती, तरी ती द्यावी लागली असती. दुसऱ्याच्या स्क्रिप्टवर असा शिक्का मारून तुम्ही त्या ग्राहकालाही फसवलं. तुमची परवानगी घेतल्याशिवाय ती फाइल शेजारच्या विभागाला देता येणार नाही, असं तो माणूस इतके दिवस समजत होता.

चौथा दावा, बदलांचा. बदल तुम्ही केले आहेत, हे आम्ही तपासलं. काही ठिकाणी पथ बदललेत, काही पॅचेस नव्या आवृत्तीला जुळवून घेतलेत, एका ठिकाणी तर आमची खरी चूक सुधारली आहे आणि ती सुधारणा चांगली आहे. त्या ओळी तुमच्या आहेत. भारतीय कायद्यानुसार कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. तेव्हा तिथे कंपनीचं नाव यायलाच हवं. आमच्या नावांखाली तुमच्या नावाची ओळ जोडायला जागा भरपूर होती. भर घातली म्हणून मूळ पुसायचा हक्क मिळत नाही. आमचे हक्क तुमच्याकडे यायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा दस्त लागतो. असा एकही कागद आमच्यापैकी कुणी तुम्हाला दिलेला नाही. दुसरीकडे, एखाद्या सॉफ्टवेअरची कागदपत्रं वाचून, आमची फाइल न उघडता तुम्ही स्वतः स्क्रिप्ट लिहिली असती आणि ती आमच्यासारखी दिसली असती, तर आम्ही चकार शब्द काढला नसता. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन स्क्रिप्ट्स सारख्या निघणं स्वाभाविक आहे. स्पेलिंगची चूकही तीच निघणं स्वाभाविक नाही.

नाव हा मानापमानाचा प्रश्न आहे असं तुमच्या विभागाने सूचित केलं होतं. तसं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं. फाइलीच्या माथ्यावरची नावं आणि शेवटचा चेंजलॉग हा त्या फाइलीचा सातबारा असतो. कुणाकडून काय आलं, कधी आलं, कुठल्या अटीवर आलं, मध्ये कुणी काय फेरफार केला, हे त्याच्यावरून कळतं. तो कोरा करून वर स्वतःचं नाव चढवलं, की पुढचा प्रत्येक व्यवहार संशयास्पद होतो. तुमच्या ग्राहकाला तुम्ही जो हक्क दिला असं सांगता, तो द्यायचा अधिकार तुम्हाला होता की नाही, हे त्याने कशावरून ठरवावं?

या नोंदीची किंमत काय असते ते डेबियनला २००८ मध्ये कळलं. ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीच्या पॅकेजमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये एक पॅच गेला. एका तपासणी साधनाच्या सूचना थांबवण्यासाठी केलेल्या त्या बदलाने गुप्त किल्ल्या तयार करण्यातला यादृच्छिकपणा जवळपास संपवला. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्लो यांना ते सापडलं. त्यानंतर जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. पण कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत धोका आहे, हे तातडीने ठामपणे सांगता आलं, कारण कुणी, कधी आणि कशासाठी बदल केला हे पॅकेजच्या इतिहासात लिहिलेलं होतं. चूक करणाऱ्याचं नाव तिथे होतं आणि ते कुणी पुसलं नाही. आमच्या क्षेत्रात नावाचा अर्थ असा आहे: प्रश्न आला तर उत्तर द्यायला हा माणूस उभा आहे.

मार्च २०२४ मधली एक्सझेड या फायली दाबायच्या साधनाची घटना तर तुमच्या अभियंत्यांना आठवत असेलच. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं चोरदार उघडं पडलं. ते चोरदार बिल्डच्या वेळी बसत होतं आणि बसण्याआधी एक गोष्ट तपासत होतं: आपण डेबियनच्या किंवा आरपीएमच्या पॅकेजिंगमध्ये बिल्ड होतोय का? हल्लेखोराला पॅकेजिंगच्या स्क्रिप्टचं महत्त्व नेमकं कळलं होतं. तुम्ही तिला यांत्रिक यादी म्हणता. त्या आठवड्यात प्रत्येक लिनक्स वितरणाचे मेंटेनर चेंजलॉग उघडून बसले होते, कुठली आवृत्ती कधी आत आली ते पाहत. तुम्ही ते चेंजलॉगही छाटलेत. उद्या असा प्रसंग आला तर तुमचा ग्राहक कुठलं पान उघडणार आहे?

या विषयात लिनक्सच्या समुदायांनी स्वतःशी किती कडक वागून घेतलंय, तेही सांगतो. जेंटूच्या ईबिल्डच्या माथ्यावर पूर्वी जेंटू फाउंडेशनचं नाव असायचं. सगळ्या लेखकांनी आपले हक्क संस्थेला लेखी दिलेले नव्हते, म्हणून ते नाव खरं नव्हतं. २०१८ मध्ये त्यांनी नवं कॉपीराइट धोरण स्वीकारलं आणि 'जेंटू ऑथर्स' असं लिहायला सुरुवात केली. कुठली ओळ कुणाची हे गिटच्या इतिहासात राहतं. फेडोरात योगदान देणाऱ्याशी असलेल्या करारातच ठरलेलं आहे, की कोडला वेगळं लायसन्स सांगितलं नसेल तर तो एमआयटीखाली धरायचा. स्लॅकवेअरच्या बिल्ड स्क्रिप्ट्सच्या माथ्यावर पॅट्रिक फोल्केर्डिंग यांचं नाव आणि एकच सरळ अट असते. आर्च लिनक्सच्या पॅकेज-स्क्रिप्ट्सना तर कित्येक वर्षं कुठलंच लायसन्स नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी जवळजवळ कुठलीही अट नसलेलं झिरो-क्लॉज बीएसडी लायसन्स लावायचं जाहीर केलं. आणि इतकं सैल लायसन्स लावण्याआधीही योगदान देणाऱ्यांना ईमेल पाठवून आक्षेप घ्यायची मुदत दिली. आपल्याच माणसांच्या, आपल्याच संग्रहातल्या फायलींसाठी त्यांनी परवानगी विचारली. तुम्ही परक्यांच्या फायली घेतल्यात आणि विचारण्याआधीच नावं उडवलीत.

ज्यांची नावं उडवलीत त्यांतले बहुतेक जण दिवसा दुसरीकडे नोकरी करतात आणि हे काम रात्री करतात. काही विद्यार्थी होते. त्या फाइलीवरचं नाव हा त्यांचा पहिला जाहीर पुरावा होता की आपल्याला हे काम येतं. नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवतात. तुमच्या कंपनीत मुलाखतीला आलेल्या मुलाने स्वतःची फाइल दाखवली आणि तिच्यावर तुमचं नाव निघालं, तर खोटा कोण ठरेल? एक सहकारी आता हयात नाहीत. आपलं नाव परत मागायला ते येणार नाहीत. पण लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क भारतीय कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे, तो हक्क कृती विकली तरी लेखकाकडे राहतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या वारसांनाही तो बजावता येतो. त्यांच्या घरच्यांना आम्ही हे कळवलं आहे.

त्याच दुरुस्तीने कायद्यात कलम ६५ब आलं. कृतीवरचं लेखकाचं नाव, हक्कधारकाचं नाव आणि वापराच्या अटी यांना कायदा हक्क-व्यवस्थापनाची माहिती म्हणतो. अधिकार नसताना ती जाणूनबुजून काढली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड, अशी शिक्षा तिथे सांगितली आहे. तुमच्या कायदा विभागाला हे कलम माहीत असणार. तुमचा सेड आदेश जाणूनबुजून चालवला होता की नाही, याचं उत्तर द्यायला तो विभाग हा आदेश लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला पुढे करील अशी मला भीती आहे. तसं करू नका. त्याला हे काम कुणीतरी सांगितलं होतं.

आता मागणं. पुसलेली सगळी नावं, वर्षं आणि लायसन्सच्या ओळी मूळ फायलींशी ताडून परत लावा. छाटलेले चेंजलॉग परत जोडा. तुमचे बदल तुमच्या नावाने आणि तारखेने त्यांच्याखाली नोंदवा. पॅचेस ज्या सॉफ्टवेअरचे आहेत त्याच्या लायसन्ससह वेगळे दाखवा. आणि ज्या ज्या ग्राहकाला 'सर्व हक्क राखीव' लिहिलेल्या फायली दिल्यात, त्या प्रत्येकाला लेखी कळवा की तो शिक्का चुकीचा होता आणि या फायली वापरायचा, बदलायचा, पुढे द्यायचा हक्क त्याला आहे. नुकसानभरपाई आम्ही मागत नाही.

जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत चूक सुधारायला मुदत नाही. अट मोडली की परवानगी आपोआप संपते. त्या अर्थाने या स्क्रिप्ट्स वापरून आज तुम्ही जे विकताय ते विनापरवाना आहे. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने पहिल्यांदा चुकणाऱ्याला सूचना मिळाल्यापासून ३० दिवस दिले. तेवढेच ३० दिवस आम्ही तुम्हाला देतो आहोत, या पत्राच्या तारखेपासून. तेवढ्या मुदतीत काम झालं, तर परवानगी पुन्हा पूर्ववत होईल आणि तुम्ही सुधारलेली आमची ती चूक आम्ही तुमच्या नावानिशी आमच्या संग्रहात घेऊ. नाही झालं, तर फायली शेजारी शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून, आम्ही न्यायालयात जाऊ. ज्यांच्या नावांवर बोळा फिरवलात त्यांतल्या हयात असलेल्या प्रत्येकाने त्यासाठी लेखी संमती दिली आहे.

कळावे,

पुसलेल्या नावांपैकी एक,
पॅकेज मेंटेनर